मधली जागा आणि माझं 'बरं'

तुम्हाला कुणी दारात थांबून "आपण आधी" म्हणालं, तर तुम्ही किती वेळा नको म्हणता? खरं सांगा, इथं कुणी ऐकत नाही. एकदा? मग तुम्ही आमच्या इराणातल्या हमदानचे नव्हेत. आमच्याकडे निदान तीनदा नको म्हणावं लागतं, तेव्हा कुठे पाय उंबऱ्यात पडतो. या आग्रहाला आम्ही तारोफ म्हणतो. आणि मी, यदुल्ला, हीटर दुरुस्त करणारा, या तारोफचा उघड वैरी. "हो म्हणजे हो, नको म्हणजे नको" हे वाक्य मी गल्लीच्या सभेत इतक्यांदा बोललोय की मी उभा राहिलो की मागच्या रांगेतलं कुणीतरी माझ्या आधीच बोलून टाकतं.

नुसतं बोलत नाही, करूनही दाखवतो. एकदा मी गल्लीतून चाललो होतो, शिंपी दारात उभा होता. सवयीनं म्हणाला, "या की जेवायला." मी बूट काढले आणि आत गेलो. त्या घरी त्या दिवशी अंड्यांवर भागवलं. दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या बायकोनं माझ्या बायकोला, एफ्फतला, विचारलं, "तुमचा गॅस संपलाय का, ताई?"

तर असं हे माझं तत्त्व. त्यानं मला तालमीच्या हौद्यात भर लोकांत कसं चीत केलं, ते सांगतो.

शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं शिक्षण नगरपालिकेच्या बाकड्यांवर झालं. वाचन म्हणाल तर लोक हीटर ज्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून आणतात ती. त्यामुळे मला जगातली प्रत्येक बातमी अर्धीच ठाऊक आहे, पण जोरात ठाऊक आहे. गल्लीतला दिवा असो, बसचा थांबा असो, सार्वजनिक नळ असो, भांडायला पुढे मी. साहेब लोक मला बघून आधी चहा सांगतात. मानानं नव्हे. हा लवकर उठत नाही हे त्यांना माहीत आहे.

पण माझा खरा मान होता तो मुर्शिद नौरूजच्या तालमीत. जमिनीखाली उतरणाऱ्या पायऱ्या, इतकं बुटकं दार की सुलतानालाही वाकावं लागेल, आत अष्टकोनी हौदा. वरच्या ओट्यावर मुर्शिद मातीचा ढोल मांडीवर घेऊन बसतो. तो गातो आणि वाजवतो, आम्ही खाली त्याच्या ठेक्यावर जोर मारतो, लाकडी मुदगल फिरवतो. हौद्यात कडेनं उभं राहायचं ते वयाच्या नाही, तालमीच्या मानानं. जुना माणूस मुर्शिदच्या बाजूला, नवखा खाली दाराकडे. आणि मधोमध एकच माणूस. तो जे करील ते बाकीच्यांनी करायचं. तो खाली गेला की सगळे खाली, तो उठला की सगळे वर. पुष्कळ वर्षं ती मधली जागा माझी होती. ज्या माणसाचं नगरपालिकेत कुणी ऐकत नाही, त्याच्यासाठी ही केवढी चैन असेल बघा.

मग खांदा गेला.

आमच्या गल्लीत नेमत गालिचे धुतो. धुतलेलं पाणी उतारानं रस्त्यावर येतं, आणि अलवंद डोंगरावरून वारा सुटला की त्याची काच होते. म्हातारी माणसं भिंतीला धरून चालतात. मी नेमतला समजावलं, मग सभेत समजावलं, मग फलक रंगवला: 'ही वाट माणसांची आहे, बदकांची नाही.' तो फलक त्याच्याच दारासमोर लावायला मी स्टुलावर चढलो. स्टूल कशावर ठेवलं होतं? त्याच्याच बर्फावर. पडताना मी उजव्या हातानं फलक घट्ट धरला, कारण हाती घेतलेला फलक खाली पडू द्यायचा नाही असा माझा बाणा. फलक भिंतीवर राहिला. खांदा जागेवर राहिला नाही.

नेमत धावत आला. मला उचललं, आणि उचलता उचलता म्हणाला, "स्टुलाचा पायच मोडका होता."

त्या वाक्यापासून आमचा अबोला. दोन हिवाळे गेले. समोरून तो आला की मी नळाकडे बघायचो, तो आभाळाकडे. फलक मात्र होता तिथंच, आणि पाणीही होतं तिथंच.

खांद्याचं ऑपरेशन झालं. मग व्यायाम सुरू. ज्या हातानं मी पिठाच्या गोणीएवढे मुदगल गरगर फिरवले, त्या हातानं आता भिंतीवर बोटांनी चालायचं. कोळ्यासारखं. एक वीत वर, की परत खाली. फिजिओथेरपीवाली पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. तिनं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, ती जड झाली तेव्हा तिनं ती अर्धी पिऊन टाकली आणि म्हणाली, "आता बघा." मी बघितलं. तीही जड होती.

घरी तर राज्यच गेलं. वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढायची ती मी, हा आमच्या घराचा कायदा. आता एफ्फत खुर्चीवर चढून काढायची, आणि मी खाली उभा राहून सूचना द्यायचो. एक दिवस ती खुर्चीवरूनच म्हणाली, "आगा, तुमचा खांदा मोडला, जीभ शाबूत राहिली. देवानं उलटं करायला हवं होतं."

पण या सगळ्यात मला भीती होती ती एकाच गोष्टीची. उशीची.

आमच्या तालमीत कुणी कुणाला निवृत्त करत नाही. ज्याच्या हातून हौद्यात मुदगल पडतो, त्याला कुणी चकार शब्द बोलत नाही. उलट सगळे विचारपूस करतात. फक्त पुढच्या शुक्रवारी तो आला की वर ओट्यावर, भिंतीला लागून, त्याच्यासाठी एक उशी ठेवलेली असते. पहिला चहा त्याला मिळतो. तो बसतो, आणि तिथंच बसतो, जन्मभर. त्या भिंतीला टेकून बसलेले म्हातारे मी बघितलेत. चहा छान पितात. हौद्याकडे असे बघतात, जसा मी एफ्फतच्या हातातल्या बरणीकडे बघायचो.

मला उशी नको होती. हौद्यात उभं राहायला जागा हवी होती. बस, एवढंच.

शेवटी फिजिओथेरपीवालीनं परवानगी दिली. जोर मारायचे ते गुडघे टेकून. मुदगल घ्यायचे ते नवख्यांचे, हलके, आणि हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. "पुन्हा फाटलं तर हा हात डोक्याला लागणार नाही," ती म्हणाली. "टोपी डाव्या हातानं घालाल."

एफ्फतनं शुक्रवारी सकाळी माझं कमरेला बांधायचं लाल चौकड्याचं कापड इस्त्री करून दिलं. देताना सोडलं नाही, दुसरं टोक धरून ठेवलं. "काय कबूल केलंय?"

"हलके मुदगल."

"आणि?"

"आणि तोंड बंद."

"हे मी सांगितलं नव्हतं. पण बरं झालं, तुम्हीच म्हणालात."

मी पोचलो. दोन हिवाळ्यांत दाराची उंची विसरलो होतो, कपाळ चौकटीला आपटलं. आत सगळ्यांना वाटलं मी उंबऱ्याला सलाम करतोय. मी तसाच थोडा वेळ वाकून राहिलो, म्हणजे त्यांचा समज पक्का व्हावा.

आणि मुर्शिदनं घंटा वाजवली.

ही घंटा सगळ्यांसाठी वाजत नाही. मोठा माणूस दारातून आला तरच मुर्शिद ती साखळी ओढतो, आणि सगळे पैगंबरांवर दरूद म्हणतात. मला वाटलं होतं विसरले असतील. मुर्शिद ऐंशीच्या घरातला, ढोलाचं कातडं तापवायला शेजारी हीटर घेऊन बसणारा, तो हीटर मीच दुरुस्त केलेला. वरून म्हणाला, "ये यदुल्ला, लेकरा. तुझ्या हीटरनं आजवर दगा दिला नाही. तूच दिलास."

घंटेचा आवाज कानातून जातो म्हणतात. माझ्या सरळ डोक्यात गेला.

तरी मी शहाण्यासारखा खाली, दाराच्या बाजूला उभा राहायला गेलो. आणि शेवटच्या जागेवर कोण उभा? नेमत. मी घरी भिंतीवर बोटं चालवत होतो तेव्हा हा गालिचेवाला माझ्या तालमीत भरती झाला होता. हातात नवख्यांचे मुदगल. मी छताकडे बघितलं, तोही छताकडे बघू लागला. दोघं बराच वेळ छत तपासत होतो.

तेवढ्यात मधून फरामर्ज पुढे आला. फरामर्ज बँकेत कारकून, देखणा, सभ्य, माझ्यामागे मधली जागा त्याच्याकडे आलेली. त्यानं छातीवर हात ठेवला, मान झुकवली. "उस्ताद, आपण हौद्यात असताना मी मधे उभं राहणं म्हणजे बेअदबी. या. जागा आपलीच आहे."

आता इथं काय करायचं ते आमच्याकडे दूध पिणाऱ्या बाळालाही कळतं. म्हणायचं, "छे छे, मी तुझ्या पायाची धूळ." त्यानं म्हणायचं, "माझ्या डोळ्यांवर आपली पावलं." मी म्हणायचं, "मला कोपराच बरा." मग तो दुःखी चेहऱ्यानं परत मधे जाणार, मी आनंदानं कोपऱ्यात, आणि व्यायाम सुरू. सगळे माझ्या "छे छे"ची वाट बघत होते. मुर्शिदनं बोटं ढोलावर ठेवलीसुद्धा होती.

मी म्हणालो, "बरं."

आणि मधे जाऊन उभा राहिलो.

 कुणीतरी खोकलं. फरामर्जचा हात छातीवरच राहिला, जणू खरंच तिथं काही दुखायला लागलं होतं. वर म्हाताऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याला विचारलं, "काय म्हणाला?" दुसरा म्हणाला, "बरं म्हणाला." पहिल्यानं चहाचा पेला खाली ठेवला.

माझं मला विचाराल तर त्या क्षणी मी फार खूश होतो. तत्त्व आणि इच्छा एकाच दिशेला चालल्या होत्या, असं माणसाच्या आयुष्यात कितीदा होतं? हो म्हणजे हो. त्यानं दिली, मी घेतली. ढोल सुरू झाला तेव्हा कुठे मला आठवलं की या जागेला खांदा लागतो.

जोर आले. मी गुडघे टेकले. दुसरा इलाजच नव्हता. पण मधला जे करील ते सगळ्यांनी करायचं. फरामर्ज गुडघ्यांवर गेला. भट्टीवर रोट्या भाजणारा अर्दशीर, ज्याची मान माझ्या मांडीएवढी, तो गुडघ्यांवर गेला. सगळा हौदा गुडघ्यांवर. मुर्शिदचा ठेका चुकला. उभ्या आयुष्यात मी तो चुकलेला ऐकला नव्हता. माझ्या मागे कुजबुज झाली.

"हा कुठला प्रकार?"

"नवीन असेल. दवाखान्यात शिकून आलेत."

"मला तर सोपा वाटतोय."

"सोपा दाखवतात, तीच तर उस्तादी."

इथवर निभावलं. मग मुदगल आले, आणि फरामर्जनं सूड घेतला, तोही अदबीनं. भिंतीवरून त्यानं माझी जुनी जोडी काढली. माझीच, मोठी. दोन हिवाळे तिला कुणी हात लावला नव्हता, पण धूळ दर शुक्रवारी पुसली होती. ही माणसं अशीच. दोन्ही हातांवर घेऊन आला. म्हणाला, "आपली अमानत."

मला म्हणता आलं असतं, "मला हलके दे." तोंड उघडलं तर निघालं, "आण."

मुदगल खांद्यांवर उभे केले. डावा ठीक बसला. उजवा बसला तेव्हा आत काहीतरी करकरलं, जुन्या बिजागरीसारखं. ढोल सुरू. डावा हात मागून फिरून आला. उजवा अर्ध्या वाटेत उभा राहून विचार करू लागला. कसाबसा आणला. पुन्हा डावा. पुन्हा उजवा, आता तो विचारही करेना, सरळ नकार देऊ लागला. डोळ्यांसमोर उशी आली. हिरवी, झालर लावलेली. झालरीचा रंगसुद्धा दिसला.

ठेवून द्यावे? ढोल चालू असताना मधल्यानं मुदगल ठेवणं आणि मुदगल पडणं यात आमच्याकडे फरक मानत नाहीत. एकच वाट उरली. मधला माणूस मनात आलं तर आपली जागा दुसऱ्याला देऊ शकतो. मी हळूच म्हणालो, "फरामर्ज, ये. मधे तू ये."

त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं येतोय. तो म्हणाला, "उस्ताद, आपण असताना?"

"मी असून नसल्यासारखा आहे. ये लवकर."

"अल्ला न करो. आपण शंभर वर्षं मधे राहा."

"शंभर वर्षं राहू दे, मला शंभर श्वास निघत नाहीत. खांदा गेलाय माझा, खरंच सांगतो."

"आपल्या खांद्यावर तर सगळी गल्ली उभी आहे."

"म्हणूनच दुखतोय."

हौद्यात हसू फुटलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं काय झालंय ते. यांना वाटलं, म्हाताऱ्याला उशिरा का होईना अक्कल आली. 'बरं' म्हणून जी चूक केली ती आता नम्रपणे भरून काढतोय. तो एवढी अदब दाखवतोय, तर आपणही दाखवली पाहिजे. मी जितकं खरं बोलावं तितकं त्यांना ते गोड वाटत होतं.

मी दुसरीकडे वळलो. "अर्दशीर, तू तरी."

अर्दशीरनं मुदगल छातीशी घेऊन मान लववली. "माझी काय लायकी? मी आपल्या पायाची धूळ."

"धूळ तर धूळ. मधे ये."

"धूळ मधे आली तर सगळ्यांच्या डोळ्यांत जाईल, उस्ताद."

वरून म्हातारे "वाहवा" म्हणाले. मुर्शिदला तर असा रंग चढला की त्यानं ठेका वाढवला आणि विनयाच्या मोठेपणावर काहीतरी लांबलचक गायला सुरुवात केली. मी घामानं थबथबलो होतो. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, माझ्या शब्दाचा अर्थ तोच आहे जो आहे. आता भर हौद्यात ओरडून सांगत होतो, 'मला झेपत नाही', आणि माझी माणसं, ज्यांच्यासाठी मी दिवे आणि नळ आणले, ती माणसं मान डोलवत होती. किती सुंदर बोलतो, म्हणत होती.

उजवा मुदगल खांद्यावरून घसरू लागला. बोटं सुटली. मला वाटलं, संपलं. आता आवाज होईल.

आवाज झाला नाही.

मुदगल हवेत कुणीतरी झेलला होता. पाण्यानं फुगलेली, पांढरी पडलेली बोटं. गालिचे धुणाऱ्याची. नेमत खालच्या कोपऱ्यातून हौदा तुडवत सरळ मधे आला होता, ना परवानगी, ना छातीवर हात, ना "आपली आज्ञा". का येणार नाही? तारोफ करायचं ते ज्याच्याशी बोलणं आहे त्याच्याशी. आमचा तर अबोला. सगळ्या तालमीत माझ्याशी गोड बोलायची सक्ती नसलेला तेवढा एकच माणूस होता.

माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. वर बघून म्हणाला, "मुर्शिद, या माणसाला सांगा, दुसरापण सोड."

मी म्हणालो, "मुर्शिद, त्याला सांगा, आधी हातातला उजवा नीट धर. जड आहे."

मुर्शिदनं ढोल न थांबवता, गाण्याच्या चालीतच, सांगून टाकलं. "यदुल्ला, सोड. नेमत, नीट धर."

"आणि सांगा," नेमत म्हणाला, "माझ्या जागेवर जाऊन उभा राहा. हलके तिथं ठेवलेत."

"मुर्शिद, त्याला सांगा, मला ऐकू येतं."

मी खाली गेलो, दाराजवळच्या शेवटच्या जागेवर. नवख्यांचे मुदगल उचलले. ते कमरेएवढ्या उंचीवर असे हलवू लागलो जसं कुणी पाळणा हलवावा. लाजेनं मेलो असतो, पण माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सगळे मधे बघत होते. नेमतला पुढारीपण येत नव्हतं. डावा म्हणून उजवा फिरवायचा, मधेच थांबायचा, पुन्हा सुरू करायचा, आणि बिचारा फरामर्ज, बिचारा अर्दशीर, सगळे तसंच करत होते, कारण मधला करील ते करायचं. तालमीच्या इतिहासात इतका वाईट व्यायाम झाला नसेल. माझा दुसरा क्रमांक लागला.

व्यायाम संपला की मधल्यानं प्रार्थना म्हणायची असते. आजाऱ्यांना बरं कर, प्रवाशांना घरी पोचव, आणि सगळ्यांनी आमीन म्हणायचं. नेमतनं आयुष्यात कधी चार लोकांत तोंड उघडलं नव्हतं. उभा राहिला, घाम पुसला, आणि छताकडे बघत म्हणाला, "देवा, आमच्या गल्लीतल्या त्या माणसाच्या खांद्याला आराम पडू दे. ज्याच्या स्टुलाचा पाय मोडका होता."

"आमीन," सगळे म्हणाले.

आता सांगा. प्रार्थनेला आमीन म्हणायचं नाही, तर माणूस कुठला? आणि आमीन म्हटलं, तर स्टूल मोडकं होतं हे मान्य. अशी कोंडी मला नगरपालिकेच्या वकिलानंही कधी केली नव्हती. मी दात आवळून म्हणालो, "आमीन. आणि ज्याच्या पाण्याचा बर्फ होतो, देवा, त्यालाही अक्कल दे."

"आमीन," सगळे म्हणाले. नेमतनंही म्हटलं. त्यालाही म्हणावंच लागलं.

कपडे घालून निघालो तर बुटक्या दाराशी तो आणि मी एकाच वेळी पोचलो. अबोल्यात कुणी कुणाला वाट द्यायचा प्रश्नच नाही, दोघं एकदमच वाकून शिरलो आणि चौकटीत अडकलो. त्याचा खांदा माझ्या उजव्या खांद्याला लागला. मी ओरडलो नाही, पण श्वास घेतला तो त्याला ऐकू गेला असावा. तो मागे सरकला. जमिनीकडे बघत म्हणाला, "आधी जा. दाबला जाईल."

मुर्शिदला नव्हे, मला म्हणाला.

मी काय म्हणावं? तुम्हाला माझं तत्त्व ठाऊक आहे. हो म्हणजे हो. पण तोंडातून निघालं, "नको, तू आधी."

"नाही, नाही. तू."

"तू आज मधे उभा होतास. मान तुझा."

"कसला मान, मला उजवा-डावा कळत नव्हता."

"ते दिसलं. तरी तू आधी."

मागे फरामर्ज, अर्दशीर आणि सगळी तालीम ओलं अंग घेऊन थंडीत खोळंबली होती. दोन हिवाळ्यांचं तारोफ तुंबलेलं, ते एकदम कसं संपणार? अखेर मुर्शिद वरून ओरडला, "अरे कुणीही जा, दारातून वारा येतोय, माझा ढोल गारठला."

घरी पोचलो तर एफ्फतला सगळं कळलेलं. आमच्या गल्लीत बातमीला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. तिनं चहा पुढे ठेवला, खडीसाखरेचा तुकडा ठेवला, आणि समोर बसली. "बरं म्हणालात म्हणे."

"म्हणालो."

"हलके मुदगल कबूल केले होते."

"शेवटी हलकेच घेतले."

तिनं मला नीट न्याहाळलं. "दुखतोय?"

मी म्हणालो, "छे छे." आणि मग तत्त्व आठवून, "हो."

पुढच्या शुक्रवारी मी दारात वाकलो तेव्हा आधी भिंतीकडे बघितलं. म्हाताऱ्यांच्या रांगेत नवीन उशी नव्हती. खाली शेवटच्या जागेवर हलक्या मुदगलांची जोडी पुसून ठेवलेली होती. नेमत एक जागा वर सरकला होता. माझ्यामुळे बढती मिळाली त्याला, त्याबद्दल त्यानं अजून आभार मानलेले नाहीत. फरामर्जनं मधून छातीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं, पण मुर्शिद म्हणाला, "फरामर्ज, याला काही देऊ नकोस, हा घेतो." आणि ढोल सुरू केला.

आता हात खांद्याएवढा वर जातो. लोणच्याची बरणी अजून नाही. गालिच्यांचं पाणी अजून गल्लीत येतं, फलक अजून लावलेला आहे, आणि नेमतशी माझं त्यावर रोज भांडण होतं, समोरासमोर, तोंडावर, देवाची कृपा.

तेव्हा कधी आमच्या बाजूला आलात आणि त्या बुटक्या दाराशी मी तुम्हाला "आपण आधी" म्हणालो, तर तीनदा नको म्हणत बसू नका. सरळ आत जा. मी तिथं वाकून उभा असेन, आणि वाकलं की खांदा फार दुखतो.